संगीत सभेच्या पासात चिप घालावी का? (आरएफआयडी पास आणि बिल्ले)

तानपुरा

नमस्कार मंडळी. आमचं संगीत मंडळ दर डिसेंबरात तीन रात्रींची सभा भरवतं. गाव तालुक्याचं, मैदान शाळेचं, खुर्च्या १२००. तिन्ही रात्रींचा मिळून एकच पास असतो आणि त्यावर खुर्चीचा क्रमांक छापलेला असतो.

गेल्या वर्षी दुसऱ्या रात्री एकाच खुर्चीवर दोन-दोन माणसं येऊन उभी राहिली. कुणीतरी पासाच्या रंगीत झेरॉक्स काढून विकल्या होत्या. अस्सल कुठला आणि नक्कल कुठली, हे आम्हालाच ओळखता येईना. ऑगस्टमध्येच पैसे भरलेल्या एक आजी पहिला राग संपेपर्यंत मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. मी सचिव म्हणून त्यांच्यापुढे हात जोडले, पण खुर्ची देऊ शकले नाही. तो प्रसंग अजून मनातून जात नाही.

यंदा एक विक्रेता येऊन गेला. म्हणाला, "आरएफआयडी कार्ड घ्या, त्याची नक्कल होऊच शकत नाही." स्वयंसेवकांचे आणि कलाकारांच्या खोलीकडे जाणाऱ्यांचे बिल्लेही त्याच पद्धतीचे देतो म्हणतो. समितीला हे पटलंय. मला सही करण्याआधी समजून घ्यायचं आहे. नक्कल होऊच शकत नाही, हे खरं आहे का?

पहिलीघंटा

तानपुराताई, मी नाट्यगृहाच्या दारावर पंचवीसेक वर्षं काढली. आमच्याकडे प्रत्येक प्रयोगाच्या तिकिटाचा रंग वेगळा असायचा, शिक्का ऐन वेळी ठरायचा आणि स्थळप्रत आमच्याकडे राहायची. तिकीट दारात फाडलं की त्याचा जीव संपला. तुमच्या तीन रात्रींच्या पासाची अडचण मला तिथेच दिसते. तो फाडता येत नाही. पहिल्या रात्री आत गेलेला पास तसाच धडधाकट बाहेर येतो.

चिपचं मला कळत नाही, जाणकार सांगतील. पण दारावरच्या माणसाला एक गोष्ट नेमकी कळली पाहिजे: हा पास आज, या क्षणी, आत आहे की बाहेर?

तेरा_छप्पन्न

काकांनी मर्मावर बोट ठेवलंय. मी पुण्यात याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींवरून ओळख पटवणं, ही एक वस्तू नाही. बाजारात त्या नावाखाली तीन फार वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. पहिली १२५ किलोहर्ट्झची. ऑफिसात आणि सोसायटीत दिसणारी जाड पांढरी कार्डं आणि निळे, थेंबाच्या आकाराचे किचेन बहुतेक याच जातीचे. दुसरी १३.५६ मेगाहर्ट्झची. मेट्रोचं कार्ड, बँकेचं टेकवायचं कार्ड आणि मोबाइलमधलं एनएफसी हे सगळं या घरातलं. तिसरी यूएचएफ, आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हा तिचा सगळ्यांनी पाहिलेला नमुना. पहिल्या दोन्ही काही सेंटिमीटरवरून वाचल्या जातात, तिसरी कित्येक मीटरवरून.

या तिन्हींच्या पासात बॅटरी नसते. रीडर, म्हणजे दारावरचं वाचणारं यंत्र, चुंबकीय क्षेत्र किंवा लहरी सोडतो, त्यातून कार्डातल्या तारेच्या वेटोळ्याला जेमतेम वीज मिळते आणि तेवढ्यावर चिप जागी होऊन बोलते. आता ती *काय* बोलते, तिथे सगळा फरक आहे.

स्वस्त चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. कुणीही विचारलं तरी तोच क्रमांक, कायम. म्हणजे तुमच्या पासावरच्या छापील आकड्यासारखंच, फक्त डोळ्यांना न दिसणारं. तो आकडा ज्यानं एकदा ऐकला, तो दुसऱ्या कोऱ्या चिपकडून वदवून घेऊ शकतो.

चांगली चिप क्रमांक सांगून थांबत नाही. रीडर तिला दर वेळी एक नवा, आधी कधी न वापरलेला आकडा देतो. चिप आपल्या पोटातल्या गुप्त किल्लीनं त्यावर गणित करून उत्तर देते. रीडरही तेच गणित करतो आणि उत्तर ताडून बघतो. किल्ली हवेतून जातच नाही. कुणी ते संभाषण चोरून ऐकलं तरी पुढच्या वेळी प्रश्न बदललेला असतो.

तेव्हा विक्रेत्याला एवढंच विचारा: तुमचा रीडर कार्डाचा नुसता क्रमांक वाचतो, की कार्डाकडून किल्लीचं उत्तर मागतो? "नंबर वाचतो, नंबर युनिक असतो" असं म्हणाला, तर त्याच्या "नक्कल होऊच शकत नाही" या वाक्याला आधार नाही.

खटका

मी डोंबिवलीत दारांची यंत्रणा बसवतो, सोळा वर्षं झाली. वर जे लिहिलंय त्याला पूर्ण अनुमोदन. धंद्यातली बाजू सांगतो.

१२५च्या कार्डाला आम्ही ईएम कार्ड म्हणतो, कारण चिप ईएम४१०० प्रकारची असते. घाऊक घेतलं तर दहा-पंधरा रुपयांत येतं, म्हणून सगळीकडे तेच लागतं. त्यात ४० बिटांचा क्रमांक असतो, कुलूप-किल्ली काही नाही. आणि पुष्कळ कार्डांवर तो क्रमांक बाहेरच छापलेला असतो! कार्डाचा फोटो काढला तरी अर्धं काम झालं. गळ्यातला बिल्ला दाखवत फोटो टाकणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगतो, बिल्ला आत घाला.

दुसरी खोच भिंतीत असते. रीडरकडून आतल्या पेटीकडे तारा जातात, त्यावरची बोली, म्हणजे माहिती पाठवायची पद्धत, बहुतेक ठिकाणी अजून विगँड नावाची जुनी. २६ बिट: ८ बिट जागेचा कोड, १६ बिट कार्डाचा क्रमांक, दोन तपासणीचे. म्हणजे एका जागेच्या कोडाखाली ६५,५३६ क्रमांक, आणि तारेवरून जाताना सगळं उघडं. कार्ड कितीही भारी घेतलं तरी रीडरनं शेवटी तेच उघडं सांगितलं, तर पैसे वाया. ओएसडीपी नावाची नवी बोली आहे, तिचा सुरक्षित प्रकार एईएस-१२८ या मजबूत सांकेतिक पद्धतीनं झाकलेला असतो. कायमच्या इमारतीला तीच मागा. मैदानावरच्या मांडवाला इतकं लागत नाही, कारण तारा तुमच्या डोळ्यांसमोर असतात.

नवखा

हे वाचून धस्स झालं. आमच्या सोसायटीत दरवाज्याचं जादा किचेन समितीकडून घ्यायला अर्ज आणि डिपॉझिट लागतं. पण स्टेशनजवळ एक किल्लीवाला दोन मिनिटांत तसंच बनवून देतो, माझ्या भाडेकरूनं करून आणलं. म्हणजे समितीची फसवणूक झाली का?

खटका

@नवखा, फसवणूक म्हणणार नाही, पण सांगायला हवं होतं ते कुणी सांगितलं नाही. ईएम किचेन गेट उघडायला सोयीचं आहे. माणूस ओळखायला त्याचा उपयोग नाही. लगेच करता येण्यासारखं असं की सोडून गेलेल्या भाडेकरूंचे क्रमांक यादीतून काढा. मी जातो त्या बहुतेक सोसायट्यांत यादी आठ-आठ वर्षं कुणी उघडलेली नसते. मात्र नक्कल त्याच क्रमांकावर चालते, म्हणून क्रमांक रद्द केला की अस्सल आणि नक्कल दोन्ही बंद पडतात, हे लक्षात ठेवा.

तेरा_छप्पन्न

"१३.५६ घेतलं म्हणजे सुटलो" असंही कुणी समजू नये, म्हणून थोडा इतिहास.

मायफेअर क्लासिक ही चिप १९९०च्या दशकाच्या मध्यापासून जगभर पसरली. तिच्यात किल्ली होती, गणित होतं, पण ते गणित कंपनीनं गुप्त ठेवलं होतं: क्रिप्टो-१, ४८ बिटांची किल्ली. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ या संशोधकांनी चिपचे थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते गणित बरंचसं उलगडल्याचं दाखवलं. पाठोपाठ नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठातल्या गटानं ते पूर्ण फोडलं. त्यांचा निबंध छापला जाऊ नये म्हणून ही चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी कोर्टात गेली. जुलै २००८ मध्ये आर्न्हेमच्या न्यायालयानं मागणी फेटाळली. दोष चिपमध्ये आहे, तो सांगणाऱ्यांत नाही, असा मी त्या निकालाचा अर्थ लावतो आणि तो मला फार मोलाचा वाटतो. लंडनच्या बस-रेल्वेचं ऑयस्टर कार्डही तेव्हा याच चिपवर होतं. पुढे त्यांनी नवी कार्डं डेस्फायर या अधिक सुरक्षित चिपवर काढली.

आपल्याकडे आजही मायफेअर क्लासिक, किंवा तिच्याशी जुळणारी स्वस्त चिनी चिप, सर्रास विकली जाते. त्यातल्या शांघायच्या फुदान कंपनीच्या एका चिपमध्ये तर सगळ्या कार्डांना चालणारी छुपी किल्ली सापडली, ऑगस्ट २०२४ मध्ये, क्वार्क्सलॅब या सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीच्या संशोधनात.

तिकिटांसाठी याहून उद्बोधक गोष्ट २०१२ची. न्यू जर्सीची पाथ रेल्वे आणि सॅन फ्रान्सिस्कोची म्युनी या ठिकाणी कागदी तिकिटात मायफेअर अल्ट्रालाइट चिप होती. ६४ बाइटची इवलीशी चिप. तिच्यात ३२ बिट असे असतात की एकदा शून्याचे एक केले की परत शून्य होत नाहीत. काका म्हणतात त्या "फाडण्या"ची सोय चिपमध्येच दिलेली होती! प्रवास झाला की एक बिट फाडायचा. पण उरलेल्या फेऱ्या लिहिल्या होत्या पुन्हा पुसता येणाऱ्या जागेत. दोन संशोधकांनी साध्या अँड्रॉइड फोननं तिकीट पहिल्यासारखं भरून दाखवलं. चिप वाईट नव्हती, वापरणाऱ्यांनी तिची खरी ताकद वापरलीच नाही.

पळता_पाय

मी मॅरेथॉनवाला. आमच्या छातीवरच्या बिबमागे पातळ टॅग असतो आणि वाटेतल्या चटईवरून पळालं की वेळ नोंदतो. थांबावं लागत नाही. तुमच्याकडेही तसंच करा ना. कार्ड टेकवायलाच नको, माणसं सरळ चालत आत जातील.

तेरा_छप्पन्न

@पळता_पाय, तो यूएचएफ टॅग. शर्यतीत तो छातीवर, मोकळा, रीडरकडे तोंड करून असतो, म्हणून जमतं. तोच खिशात किंवा साडीच्या पदराआड अंगाला चिकटून गेला की शरीरातलं पाणी लहरी शोषून घेतं आणि वाचन चुकतं. उलट, दारापासून चार मीटरवर नुसते गप्पा मारत उभे असलेले लोकही "आत गेले" म्हणून नोंदले जाऊ शकतात. मोजणीला हे चालेल. दारावर "हा माणूस, आत्ता" एवढं ठाम कळायला हवं असतं. तिथे टेकवण्याची कृतीच उपयोगी पडते.

मोझेलकाठ

जर्मनीतून लिहितोय. २००६ साली इथे विद्यार्थी होतो आणि विश्वचषक फुटबॉलचा एक सामना मैदानात जाऊन बघितला होता. १२ शहरं, ६४ सामने, तीस लाखांहून जास्त प्रेक्षक, आणि प्रत्येक तिकिटात चिप. इतक्या मोठ्या प्रमाणावर चिपची तिकिटं तोवर मी ऐकली नव्हती.

आठवतं ते असं की तिकीट मागतानाच नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टचा क्रमांक भरून द्यावा लागला होता. त्यावरून इथे मोठा वाद झाला. खाजगीपणासाठी लढणाऱ्या संघटनांचं म्हणणं होतं की फुटबॉल बघायला पासपोर्ट क्रमांक कशाला हवा? चिपमध्ये नाव नव्हतं, नुसता क्रमांक. नाव मागच्या संगणकात होतं. पण क्रमांक आणि नाव कुठेतरी जोडलेले आहेत, एवढ्यानंच लोक अस्वस्थ झाले. प्रत्यक्ष दारावर ओळखपत्र मधूनमधूनच तपासत होते, माझं तपासलं नाही. फाटकावर तिकीट लावलं, दांडा फिरला, आत गेलो. बदल्यात माझी किती माहिती त्यांच्याकडे गेली हे घरी आल्यावर सुचलं.

ताई, तुमच्या वर्गणीदारांची एवढीच काळजी घ्या, ही विनंती.

कलमदान

मोझेलकाठ यांच्याशी सहमत. मी वकिली करते. चिपमध्ये नाव, फोन, पत्ता काहीही लिहू नका. फक्त एक अर्थहीन क्रमांक. खुर्ची कुणाची ही यादी मंडळाच्या संगणकात, आणि ती विक्रेत्याच्या हाती कायमची जाता कामा नये. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम झाल्यावर ती पुसावी, हा त्याचा गाभा. करारात दोन वाक्यं घालून घ्या: सभेनंतर ठरावीक दिवसांत येण्याजाण्याच्या नोंदी पुसल्या जातील, आणि कार्डांच्या किल्ल्या मंडळाच्या मालकीच्या राहतील. दुसरं वाक्य नसेल तर पुढच्या वर्षी त्याच विक्रेत्याकडे, तो म्हणेल त्या भावाला जावं लागेल.

तानपुरा

किती मनापासून लिहिताय सगळे. विक्रेत्याला प्रश्न विचारला. तो गडबडला आणि मग म्हणाला, "मॅडम, एवढं कुणी विचारत नाही." नुसता क्रमांक वाचणारं होतं. आता दुसरीकडे चौकशी चालू आहे.

माझे दोन प्रश्न उरले. एक, वेळ. आमचे श्रोते सात ते सात-चाळीसमध्ये लोटतात. दोन, मध्यंतर. चहाला सगळे मैदानाबाहेरच्या टपऱ्यांवर जातात. तेव्हाच कुंपणावरून पास बाहेर दिले जातात आणि एका पासावर दुसरा माणूस येतो, असा माझा संशय आहे.

खटका

वेळेचा हिशेब सोपा आहे. ४० मिनिटांत १२०० म्हणजे मिनिटाला ३०. दोन दारं ठेवली तर एका दाराला माणशी ४ सेकंद. टेकवणं अर्ध्या सेकंदाचं काम आहे. खरा वेळ पर्समधून पास काढण्यात जातो. म्हणून दाराच्या दहा पावलं आधी एक स्वयंसेवक उभा करून "पास हातात घ्या" एवढंच सांगायला लावा. वयस्कर मंडळींसाठी रीडर कमरेच्या उंचीवर, आडवा.

मध्यंतराला आमच्याकडे नाव आहे: अँटी-पासबॅक. नियम असा की जो पास "आत" आहे तो पुन्हा आत येऊ शकत नाही, आधी तो "बाहेर" नोंदला गेला पाहिजे. त्यासाठी बाहेर जातानाही टेकवावं लागतं. कुंपणावरून दिलेला पास दारावर लाल दाखवतो, कारण यंत्रणेच्या मते तो माणूस आतच आहे. काकांचा "आत की बाहेर" हा प्रश्न म्हणजे नेमका हाच.

पण हे कडक ठेवू नका, अगदी मनापासून सांगतो. चहाच्या घाईत लोक बाहेर जाताना टेकवायचं विसरतात. परत आले की लाल दिवा, मागे रांग, आणि पैसे भरलेल्या माणसाचा चारचौघांत अपमान. दिवा लाल ऐवजी पिवळा ठेवा. पिवळा लागला की स्वयंसेवक हळूच खुर्ची क्रमांक विचारून सोबत जाईल. खुर्ची रिकामी असेल तर बसवेल.

दोन्ही दारांची यादी एकच हवी, हे विसरू नका. दारं एकमेकांशी बोलत नसतील तर एकाच पासावर दोघे दोन दारांनी आत येतील. इंटरनेटवर विसंबू नका. मांडवातच राउटर आणि लॅपटॉप ठेवा, बॅटरीसकट.

आणि बारीक, पण रडवणाऱ्या गोष्टी: कार्डाला फीत बांधायला भोक पाडू नका. अँटेनाची तार कार्डाच्या कडेनं फिरलेली असते, एक भोक आणि कार्ड मेलं. पत्राला स्टेपल करतानाही तेच. प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. रीडर लोखंडी फाटकावर थेट बसवू नका, धातू क्षेत्र खाऊन टाकतो.

पहिलीघंटा

पिवळ्या दिव्याचं फार पटलं. दारावर उभ्या माणसानं समोरच्याला आधी पाहुणा समजावं, असं आम्हाला शिकवलं होतं.

तेरा_छप्पन्न

श्रोत्यांच्या पासासाठी अल्ट्रालाइट एईएस जातीची चिप बघा. २०२२ पासून मिळते, आणि किल्लीचं उत्तर देते. प्रत्येक कार्डाची किल्ली वेगळी ठेवायला सांगा, म्हणजे एक फुटलं तरी बाकीची सुरक्षित. कारखान्यातून येताना किल्ली सगळ्यांना ठाऊक असलेली असते, ती बदलली नाही तर सगळं व्यर्थ. कलाकारांच्या खोलीच्या बिल्ल्यांना डेस्फायर घ्या, तीस-चाळीसच लागतील. आणि बजेट बसत नसेल तर निराश होऊ नका. क्यूआर कोड आणि दोन्ही दारांना एकच यादी, एवढ्यानंही गेल्या वर्षीचा घोळ बराच टळला असता. फरक असा की क्यूआरची झेरॉक्स घेऊन आलेला आधी पोहोचला तर तो आत जातो आणि खरा मालक बाहेर राहतो. तुमच्या आजींसारखा.

तानपुरा

त्या शेवटच्या वाक्यासाठी समितीनं चिपचे पैसे मंजूर केले.

तानपुरा *(सभेनंतर)*

सभा परवा संपली, म्हणून लिहायला उशीर झाला.

पहिल्या रात्री पावणेसातला डावं दार अडलं. कार्ड रीडरला अगदी चिकटवलं तरच वाचत होतं. मंडपवाल्यानं रीडर लोखंडी खांबाला तारेनं आवळला होता. खटका यांचं वाक्य आठवलं, शाळेतून एक लाकडी फळी आणली आणि रीडर तिच्यावर बसवून खांबापासून वीतभर पुढे घेतला. सात-पाचला रांग सरकायला लागली.

मध्यंतरात पिवळा दिवा पहिल्या रात्री ६१ वेळा लागला. त्यातले ५८ जण जाताना टेकवायचं विसरलेले, त्यांच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. तीन खुर्च्यांवर मात्र माणूस बसलेला निघाला. त्या तिघांना बाहेर काढलं नाही, मागच्या सतरंजीवर बसवलं आणि पास ठेवून घेतले. दुसऱ्या रात्री बाहेर जायच्या वाटेवर दोन मुली "टेकवून जा हं" म्हणत उभ्या केल्या, पिवळा १४ वर आला.

खुर्चीवरून भांडण तिन्ही रात्री एकही झालं नाही. आजी दुसऱ्या रात्री आल्या होत्या. मी स्वतः त्यांना खुर्चीपर्यंत नेलं.

पास परत द्यायची विनंती केली होती, म्हणजे पुढच्या वर्षी तेच वापरता येतील. ९४३ आले. येण्याजाण्याच्या नोंदी काल दोघांच्या समोर पुसल्या. न आलेल्या २५७ कार्डांचं काय करू?

खटका

ताई, ते २५७ क्रमांक आजच रद्द यादीत टाका. पुढच्या वर्षी नवी किल्ली घालताना तेवढीच कार्डं नवी मागवा. आलेली ९४३ एकदा रीडरवर लावून बघा, घडी पडलेली किंवा भोक पाडलेली वेगळी काढा. किल्ल्यांची एक प्रत अध्यक्षांकडे सीलबंद पाकिटात ठेवा, लॅपटॉपवर नको.